बंद पडणाऱ्या संगणकाची चौकशी

ज्या यंत्राविषयी आज बोलावयाचे आहे, ते आमच्या घरी मधल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाखाली उभे आहे. काळ्या पत्र्याचा डबा. एका अंगास काच, आणि आत रंग बदलणारे पंखे. त्या पंख्यांचा उजेड रात्री भिंतीवर पडला म्हणजे आमच्या सौ. म्हणतात, गणपती उठून गेले, रोषणाई तेवढी मागे राहिली. हे यंत्र आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये घेतले. किंमत बहात्तर हजार. पैकी पन्नास हजार कामगार पतपेढीचे कर्ज, चोवीस हप्त्यांत फेडावयाचे. कर्जाच्या अर्जावर कारण लिहिले होते, 'मुलाचे शिक्षण'. अभ्यासाबरोबर त्यावर खेळही खेळले जाणार हे आम्हांस ठाऊक होते, पतपेढीच्या चिटणिसांनाही ठाऊक होते. अर्जात तो रकाना नव्हता, एवढेच.

आम्ही संगणकशास्त्र शिकलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. दहावीनंतर कारखान्यात लागलो, बारा वर्षे मेंटेनन्स खात्यात फिटर होतो, आणि पुढली चोवीस वर्षे युनियनच्या कामात गेली. जे काही पुढे सांगणार आहोत ते थोडे पुस्तकांतून, थोडे चिरंजीवांकडून आणि बरेचसे पदरच्या चुकांतून शिकलेले आहे. तथापि घरोघरी आज हेच यंत्र आहे, हाच मुलगा आहे आणि हेच भांडण आहे. म्हणून हा विषय या व्यासपीठावर अस्थानी होणार नाही असे वाटते.

एप्रिल २०२४ पासून संगणक खेळता खेळता बंद पडू लागला. लिहिताना, वाचताना, गाणी ऐकताना काही नाही. खेळ सुरू झाला की वीस मिनिटांत, कधी पाऊण तासात, एकदम अंधार. ज्या दुकानातून घेतला तेथे नेला. दुकानदाराने पहिला उपाय केला तो 'फॉरमॅट मारण्या'चा. पूर्वी वैद्य जसे प्रत्येक दुखण्यावर आधी एरंडेल देत, तसे हे. आठशे रुपये घेतले. दोन दिवसांनी रोग परत आला. मग त्याने निदान केले की ग्राफिक्स कार्ड गेले, नवे टाका, एकोणतीस हजार. का, तर खेळताना बंद पडतो, आणि खेळाचे चित्र ग्राफिक्स कार्ड काढते. आम्हांस हे तर्कशुद्ध वाटले. घरी येऊन आम्ही चिरंजीवांस सांगितले की खेळून खेळून तू कार्ड जाळलेस, हप्ते अजून सोळा राहिले आहेत, आणि आता खेळ बंद. संगणकाची वीजेची वायर काढून आम्ही युनियनच्या कचेरीत नेली व टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली. ती तेथे एकोणीस दिवस होती. या एकोणीस दिवसांत यंत्र एकदाही बंद पडले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या मनास त्याचे थोडे समाधानही वाटत होते.

त्याच सुमारास एका बडतर्फ कामगाराच्या चौकशीचे काम आम्ही चालवीत होतो. आदल्या रात्री घरी मुद्दे मोठ्याने म्हणून पाहण्याची आमची जुनी सवय. आरोपपत्र दिले नाही, खुलासा मागितला नाही, साक्षीपुरावा तपासला नाही, थेट शिक्षा केली. हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांस धरून नाही, असे आमचे चालले होते. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या, "आणि आपल्या घरी काय झालं?"

दुसऱ्या दिवशी खणातून वायर काढून घरी आणली आणि चिरंजीवांस विचारले, नेमके काय होते ते सांग. तो उठला आणि पुस्तकांच्या मागून एक वही काढून आमच्यापुढे ठेवली. तीत सदतीस नोंदी होत्या. तारीख, वेळ, कोणता खेळ, किती मिनिटांनी, पडद्यावर काय दिसले, आवाज कसा आला, खोलीत कूलर चालू होता की नाही, आणि बंद पडण्याआधी प्रोसेसरचे व कार्डाचे तापमान किती होते. आम्ही सभासदांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत की तोंडी तक्रार करू नका, तारीखवार लिहून ठेवा. मुलाने ते घरात बसल्या बसल्या ऐकले होते. "दाखवली का नाहीस?" असे आम्ही विचारले. "तुम्ही विचारलंच नाही, बाबा," तो म्हणाला. यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. आम्ही चष्मा लावला आणि वही वाचावयास घेतली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खेळतानाच का? कित्येकांची समजूत अशी की खेळ म्हणजे रिकामा उद्योग. माणसाच्या बाजूने ते काही असो, यंत्राच्या बाजूने खेळ हे सर्वांत कष्टाचे काम आहे. घरातल्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात. म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. खेळ सुरळीत दिसावयाचा तर हे सारे चित्र सेकंदास साठ वेळा नव्याने काढावे लागते. सेकंदास सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा, आणि प्रत्येक रंगामागे उजेड कोठून आला, सावली कोठे पडली याचे गणित. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. त्याला पुढचा हुकूम प्रोसेसर देतो. दोघांना लागणारा माल रॅम पुरवते. आणि सर्वांना वीज पुरवितो तो एसएमपीएस. पत्र लिहिताना यांतील एखादाच हात हलतो. खेळताना साऱ्या खात्यांत एकदम पूर्ण पाळी सुरू होते. म्हणून जो दोष एरवी वर्षानुवर्षे झाकून राहील, तो खेळताना बाहेर पडतो. खेळाने दोष निर्माण केला असे त्यावरून म्हणता येत नाही. (जाता जाता: ज्या डब्याला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो तो नुसता डबा होय, कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो आत, पंख्याखाली, बिस्किटाएवढा असतो. दुकानात बोलताना हा भेद माहीत असलेला बरा.)

'बंद पडतो' ही तक्रार अपुरी आहे. कारखान्यात मशीन बंद पडले असे सांगणाऱ्यास आम्ही विचारीत असू, कसे पडले? गुरगुरत पडले, धक्का देऊन पडले, की गप्पकन पडले? संगणकाचेही तसेच. नुसता खेळ मिटून मागचा पडदा दिसू लागला, तर पहिला संशय त्या खेळावर, त्याच्या फाइलींवर किंवा चालक-प्रणालीवर, म्हणजे ज्याला ड्रायव्हर म्हणतात त्यावर. निळा पडदा येऊन त्यावर काही अक्षरे उमटली (विंडोजच्या नव्या आवृत्तीत २०२५ पासून हा पडदा काळा केला आहे), तर यंत्राने मरताना जबानी दिली असे समजावे. ती अक्षरे फोटो काढून ठेवावी. पडदा काळा झाला पण आवाज चालू राहिला आणि पंखे जोराने फिरू लागले, तर ग्राफिक्स कार्डाने काम टाकले. विंडोज कार्डाच्या उत्तराची सुमारे दोन सेकंद वाट पाहते, आणि उत्तर न आल्यास त्याला पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करते. तो फसला म्हणजे हा प्रकार होतो. चित्र जागच्या जागी थिजून आवाजाची एकच तान लागली, तर रॅम, प्रोसेसर, कार्ड असे अनेक संशयित. आणि काहीही न सांगता, न सवरता, एका क्षणात सारे विझले व तीन-चार सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले, तर आधी विजेकडे पाहावे.

वहीतल्या सदतीस नोंदींपैकी चौतीस नोंदींत चिरंजीवांनी लिहिले होते: 'एकदम अंधार. मेसेज नाही. आपोआप चालू.' हे दुकानदारास कोणी सांगितले नाही, कारण त्याने विचारले नाही. आणि आम्ही तर वहीच पाहिली नव्हती.

विंडोज स्वतःही एक वही ठेवते. 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाने ती उघडता येते. आमच्या यंत्रात तेथे घटना क्रमांक ४१ पुन्हा पुन्हा नोंदलेली सापडली. कित्येक लोक हा आकडा पाहून घाबरतात व त्याचा इलाज शोधत बसतात. या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. हजेरीच्या यंत्रावर कामगार आत आल्याची वेळ आहे, बाहेर गेल्याची नाही, तसे हे आहे. तो चक्कर येऊन पडला, की कोणी हाकलला, की घरून निरोप आला म्हणून धावला, हे हजेरीपत्रक सांगत नाही.

येथे थोडे थांबून एक मोठे प्रकरण सांगितले पाहिजे, कारण ज्याच्या तोंडून ओरड निघाली तोच गुन्हेगार असे धरल्याने काय होते ते त्यात स्वच्छ दिसते. इंटेल कंपनीचे तेराव्या पिढीचे प्रोसेसर ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि चौदाव्या पिढीचे ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आले. त्यांतील वरच्या दर्जाचे प्रोसेसर घेतलेल्या लोकांचे खेळ बंद पडू लागले, आणि पडद्यावर संदेश येई तो असा की ग्राफिक्सची स्मृती अपुरी पडली. संदेश वाचणारा साहजिकच ग्राफिक्स कार्डावर संशय घेणार. आणि कार्डावर तर भरपूर स्मृती शिल्लक असे. खरा प्रकार असा होता की खेळ सुरू होताना आकसून ठेवलेला माल प्रोसेसर उलगडतो व चित्र काढण्याच्या छोट्या आज्ञावल्या तयार करतो. त्या वेळी प्रोसेसरच्याच गणितात चूक होत होती. चुकीचा माल पुढे गेला, तो पुढच्याला वापरता येईना, आणि त्याने आपल्यापाशी होता तो शब्द उच्चारला. माल उलगडणारी ऊडल नावाची आज्ञावली बनविणाऱ्यांनी २०२४ च्या आरंभी जाहीरपणे लिहिले की दोष आमच्या आज्ञावलीत नाही. ती फक्त चूक पकडते. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्डे बनविणाऱ्या एनव्हिडियाने आपल्या ग्राहकांना सांगितले की हा प्रोसेसर असेल तर इंटेलकडे विचारा.

मुळाशी काय निघाले? काही परिस्थितींत हे प्रोसेसर स्वतःसाठी मर्यादेबाहेर व्होल्टेज मागत होते, आणि त्याने त्यांच्या आतील एक भाग अकाली झिजत होता. त्यात भर म्हणून, इंटेलने सांगितलेली मर्यादा २५३ वॅटची असताना काही मदरबोर्डांवर कारखान्यातूनच ती ४०९६ वॅट लिहून ठेवलेली असे. म्हणजे मर्यादाच नाही. जास्त वेगाचे आकडे जाहिरातीत दाखवावयाचे तर असे करावे लागते. पाळीची वेळ काढून टाकली की उत्पादन वाढते हे आम्ही कारखान्यातही पाहिले आहे, आणि पुढे काय होते तेही. इंटेलने जुलै २०२४ मध्ये व्होल्टेजचा दोष मान्य केला, ऑगस्टमध्ये सुधारणा दिली, हमी दोन वर्षांनी वाढविली, आणि सप्टेंबरात कारणाचा पूर्ण खुलासा केला. जे प्रोसेसर आधीच झिजले होते त्यांना त्या सुधारणेचा उपयोग नव्हता. ते बदलूनच घ्यावे लागले. ज्याच्याकडे आजही या पिढ्यांचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर आहे त्याने मदरबोर्डाची नवी बायॉस घातली आहे ना, हे अवश्य पाहावे.

आमच्या कारखान्यात ओतीव भागात पोकळी असे आणि ती उघडी पडे शेवटच्या ग्राइंडिंग मशीनवर. मेमो मिळे ग्राइंडरवाल्याला. हे प्रकरण वाचताना तो मनुष्य आमच्या डोळ्यांपुढे आला.

असो. आमच्या यंत्राचा प्रोसेसर त्या जातीचा नव्हता, आणि त्याने संदेशही काही दिला नव्हता. आम्ही एकेक संशयित घेऊन बसलो. नियम दोन केले. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. आणि जे फुकट तपासता येते ते आधी, पैसे लागणारे नंतर.

पहिला संशय उन्हावर. मे महिन्यात आमच्या मधल्या खोलीत दुपारी अडतीस-एकोणचाळीस अंश असतात. उष्णतेने यंत्र बंद पडते हे खरे. परंतु त्याआधी ते हळू होते. प्रोसेसर पंचाण्णव ते शंभर अंशांच्या घरात गेला की स्वतःचा वेग कमी करतो, कार्डही तसेच. तेवढ्यानेही भागले नाही तरच जीव वाचविण्यासाठी बंद. वहीत पाहावे तो बंद पडण्याआधी प्रोसेसर बहात्तर, कार्ड शहात्तर. शिवाय रात्री दोनच्या, कूलर चालू असतानाच्या नोंदीही होत्या. (रात्री दोन वाजता हा काय करीत होता, हा निराळा आरोप, तो आम्ही वेगळा ठेवला.) तरीही धूळ काढली. धूळ काढताना ब्लोअरच्या वाऱ्याने पंखे गरगर फिरू देऊ नयेत, बोटाने धरून ठेवावेत. नाहीतर पंखाच जातो.

मग रॅम. रॅमच्या दोषाची खूण ही की आज एक खेळ पडेल, उद्या दुसराच, परवा इंटरनेटचे पान. आणि संदेश दर वेळी निराळा. मेमटेस्ट८६ नावाची आज्ञावली पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावी. एकही चूक निघता कामा नये. लाखांत एक म्हणजे क्षम्य, असा हिशेब येथे नाही. रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालविण्यासाठी बायॉसमध्ये एक खटका असतो, त्याला एक्सएमपी किंवा एक्स्पो म्हणतात. तो बंद करून रॅम साध्या वेगाने चालवून पाहावी. पुष्कळांचा रोग एवढ्यानेच जातो. आमचा गेला नाही. ड्रायव्हर काढून नवा घातला, खेळाच्या फाइली तपासून घेतल्या, विंडोजची स्वतःची तपासणी केली. यात दोन संध्याकाळी गेल्या आणि वहीत पाच नोंदी वाढल्या.

आता उरली वीज. येथे चिरंजीवांनी एक युक्ती काढली ती आम्हांस फार आवडली. मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी जगभरच्या लोकांनी १९९६ पासून चालविलेल्या उद्योगाची एक आज्ञावली आहे, प्राइम९५. तिचे गणित इतके अवजड की ती नुसत्या प्रोसेसरची दमछाक करते, कार्डाला हातही लावीत नाही. दुसरी फरमार्क, ती कार्डाला राबविते, प्रोसेसरला फारसे नाही. पहिली अर्धा तास चालविली: काही नाही. दुसरी अर्धा तास, समोर बसून चालविली: काही नाही. दोन्ही साक्षीदार एकेकटे खडखडीत. मग दोन्ही एकदम लावल्या. चौथ्या मिनिटाला अंधार.

याच्या शेजारच्या मित्राकडे चांगला एसएमपीएस होता, तो दोन दिवसांसाठी मागून आणला. येथे एक धोक्याची सूचना द्यावयाची आहे. काही एसएमपीएसच्या वायरी सुट्या असतात. एकाच्या वायरी दुसऱ्याला बसतात असे दिसले तरी लावू नयेत. आतली जोडणी कंपनीगणिक निराळी असते, आणि चुकीच्या जोडणीने डिस्क व मदरबोर्ड जळतात. एसएमपीएस आणावयाचा तो त्याच्या वायरींसह. तसा आणला, बसविला, दोन्ही आज्ञावल्या तासभर चालविल्या. यंत्र ढिम्म. तीन संध्याकाळी खेळून झाले. एकही नोंद नाही.

चिरंजीव खूश झाला. आम्ही म्हटले, आता जुना परत लाव. "अहो बाबा, चाललंय ना? मग परत कशाला?" त्याचे म्हणणे समजण्यासारखे होते. पण एसएमपीएस बदलताना आपण सगळे प्लग काढून पुन्हा बसविले. एखादा प्लग सैल असेल आणि तो घट्ट बसल्यानेच दोष गेला असेल, तर जुन्या एसएमपीएसवर विनाकारण बालंट येईल. जुना परत लावला, प्लग सारे नीट बसविले, दोन्ही आज्ञावल्या लावल्या. अकराव्या मिनिटाला अंधार. आता आरोप सिद्ध झाला असे म्हणण्यास हरकत नव्हती.

तो एसएमपीएस टेबलावर ठेवून आम्ही भिंग घेऊन त्याचे लेबल वाचले. मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ५०० वॅट. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता होता, आणि त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात २६ अँपिअर. फिटरला एवढा गुणाकार येतो. बारा गुणिले सव्वीस, तीनशे बारा. आणि आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही मुख्यतः याच १२ व्होल्टांवर जगतात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरून ५०० ची बेरीज दाखविली होती. तेथे ते कोणाच्या फारसे कामाचे नव्हते. श्रोतेहो, पगारवाढीच्या कराराचे असे मसुदे आम्ही पाहिलेले आहेत, ज्यांत एकूण आकडा ठळक असतो आणि मूळ पगारात किती पडले ते शेवटल्या पानावर शोधावे लागते. इतकी वर्षे तेच शोधण्यात गेली, आणि घरच्या डब्यावरचे लेबल मात्र आम्ही वाचले नव्हते.

हिशेब करून पाहिला. आमचे कार्ड १७० वॅटचे. प्रोसेसर खेळताना साठ-सत्तर घेतो, पण भरपूर राबविला तर ११७ पर्यंत जातो. मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून चाळीस धरू. खेळताना झाले सुमारे दोनशे ऐंशी. तीनशे बारांत बसतात. दोन्ही आज्ञावल्या एकदम लावल्या की तीनशे सत्तावीस. बसत नाहीत, म्हणून चार मिनिटांत निकाल. मग खेळतानाही का पडे? कारण कार्डाचे १७० ही सरासरी. पडद्यावर स्फोट झाला, दार उघडून मोठे मैदान दिसले, की कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते त्याहून बरेच अधिक घेते. मोटर सुरू होताना दिवे मंद होतात, तसेच. हे झटके अलीकडच्या कार्डांत इतके वाढले की २०२२ साली एसएमपीएसचे नवे प्रमाण ठरविताना मोठ्या कार्डांसाठी असलेल्या एसएमपीएसने अतिअल्प काळ दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी अट घालावी लागली.

झटका बसला की १२ व्होल्ट खाली येतात. पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ११.४ पर्यंत. एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये एक बारीक वायर असते, तिच्यावरून एसएमपीएस सतत सांगत असतो की वीज ठीक आहे. वीज ठीक नसली की हा निरोप थांबतो आणि मदरबोर्ड तत्क्षणी सारे थांबवून पुन्हा सुरुवात करतो. म्हणून संदेश नाही. लिहावयाससुद्धा वेळ मिळत नाही. ऑगस्टपासून मार्चपर्यंत का चालले, याचे आमचे उत्तर असे की मार्चअखेर चिरंजीवांनी अधिक भारी खेळ आणला, आणि त्याच वेळी ऊन वाढले. स्वस्त एसएमपीएसची ताकद गरम हवेत उतरते, आणि आमचा तर डब्याच्या तळाशी, भिंतीला पाठ लावून होता.

दुकानदाराकडे गेलो. बिल काढले. बिलावर लिहिले होते: 'असेंबल्ड संगणक, नग १'. एसएमपीएस कोणता, हमी किती, काही नाही. तो म्हणाला, पाचशे वॅट सांगितले, पाचशे दिले. बहात्तर हजारांच्या मालात जेथे ग्राहक पाहत नाही तेथे हजार-दीड हजार वाचविले होते. कर्जाच्या कागदावर सह्या करताना आम्ही अकरा पाने वाचली. बिल मात्र न वाचता खिशात घातले. संगणक जुळवून घेणाऱ्याने प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल व हमीची मुदत बिलावर निरनिराळी लिहून घ्यावी. नवा एसएमपीएस आम्ही दुसरीकडून घेतला: ६५० वॅट, १२ व्होल्टवर ५४ अँपिअर, म्हणजे ६४८. किंमत पाच हजार सहाशे. एकोणतीस हजारांचे कार्ड घेतले असते तरी एसएमपीएस जुनाच राहिला असता.

ही गोष्ट युनियनच्या कचेरीत सांगितली तेव्हा एक सभासद म्हणाले, आमच्याकडेही असेच होते. त्यांच्या घरी जाऊन पाहिले तर एसएमपीएस उत्तम, पण संगणक यूपीएसवर. यूपीएसवर लिहिले होते ६०० व्हीए. बारीक अक्षरांत ३६० वॅट. पडदा आणि संगणक दोन्ही त्यावर. खेळ रंगात आला की यूपीएस शीळ घालून हात वर करी. आणखी एका घरी डब्याला हात लावला की झिणझिण्या येत. तेथे अर्थिंगची वायर सॉकेटापर्यंत आलेलीच नव्हती, नुसते भोक होते. अशा घरी संगणकाआधी वायरमनला बोलवावे. तेथे यंत्राहून माणसाचा धोका मोठा.

ज्यांना घरी डबा उघडावयाचा आहे त्यांनी भिंतीवरचा खटका बंद करून वायर काढावी आणि आत हात घालण्यापूर्वी पत्र्याला एकदा स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. ग्राफिक्स कार्डाला दोन प्लग असतील तर एकाच वायरीचे दोन फाटे न लावता एसएमपीएसपासून दोन निराळ्या वायरी आणाव्यात. आठ पिनांच्या एका प्लगवर १५० वॅटचे प्रमाण आहे, आणि सैल किंवा तपकिरी पडलेला प्लग दिसला तर तो वापरू नये. एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्याच्या आतील कपॅसिटरांत वीज साठून राहते, आणि ती माणूस मारण्याइतकी असू शकते. आम्ही बारा वर्षे विजेच्या यंत्रांत हात घातले, तरी तो उघडला नाही; जुना तसाच दुकानदाराच्या टेबलावर, लेबल वर करून, ठेवून आलो.

गेल्या पंधरवड्यात खेळ पुन्हा एकदा बंद पडला. आम्ही जेवावयास बसलो होतो, आतून चिरंजीवांचा आवाज आला, "अंधार नाही बाबा, नुसता खेळ मिटला, मेसेज आहे." ताट तसेच ठेवून आम्ही आत गेलो. त्याने वही आधीच उघडली होती. खेळाची नवी आवृत्ती आदल्या रात्री उतरली होती आणि तिच्या दोन फाइली अर्धवट होत्या. तपासून पुन्हा उतरविल्यावर चालू झाला. वेळ लिहिली, आठ वाजून चाळीस मिनिटे. नोंद त्रेचाळिसावी.